शेकर, भाकरी आणि माझं राहून गेलेलं शुद्धिपत्र

आज नगरपरिषद नाही, पीकविमा नाही, कुणाचा पक्षप्रवेशही नाही. आज माझ्याच एका बातमीबद्दल लिहायचंय.

वर्तमानपत्रात चूक छापून गेली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर कोपऱ्यात शुद्धिपत्र देतात. माझ्या एका बातमीचं शुद्धिपत्र तीन वर्षं राहून गेलंय. ती बातमी चूक आहे असं तेव्हा कुणी म्हणलं नाही, उलट कौतुकच झालं. पण तिची किंमत माझ्या घरानं मोजली. म्हणून आज इथं देतोय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

तीन वर्षांपूर्वी माझं वजन ८९ किलो होतं. बातमीदाराचं आयुष्य तुम्हाला माहीत आहे. सकाळी तहसील, दुपारी पोलीस स्टेशन, संध्याकाळी कुणाचं तरी उद्घाटन, आणि प्रत्येक ठिकाणी अर्धा कप चहा. तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२ निघाली. डॉक्टर म्हणाले, ‘मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर उभा आहेस. चालत जा, चहा कमी कर, रात्री लवकर जेव, तीन महिन्यांनी ये.’ फी घेतली शंभर रुपये. इतका स्वस्त सल्ला कोण मनावर घेतो?

त्याच आठवड्यात बसस्टँडमागच्या एका वेलनेस क्लबात गेलो. एक ओळखीचा माणूस तिथं ‘कोच’ झाला होता. वजनकाटा, टाळ्या, भिंतीवर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो. सकाळी शेक, रात्री शेक, दुपारी काकडी-गाजर आणि एक छोटी वाटी डाळ. महिन्याचा खर्च साडेसात हजार. आमच्या पाच माणसांच्या घराचा किराणाही तेव्हा तेवढ्यात बसत नव्हता असं नाही.

चार महिन्यांत अकरा किलो उतरलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. जुन्या पँटी बसायला लागल्या. चौकात लोक थांबवून विचारायचे, ‘काय पत्रकार, काय करताय?’ आणि मी काय केलं? पाव पानाची बातमी केली. फोटोसह. ‘भाकरी-भाताला रामराम, तरुणाईची आरोग्याकडे वाटचाल’ असा मथळा दिला. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं की ज्या बातमीत आपला हितसंबंध आहे ती आपण करू नये. क्लबनं मला त्या महिन्याचे डबे निम्म्या किमतीत दिले होते. ही गोष्ट बातमीत नव्हती. शुद्धिपत्रातला हा पहिला मुद्दा.

त्याच वर्षीची येळवस. बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो, वेळा अमावस्या हा आमच्या धाराशिव-लातूरकडचा शेतातला सण. कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, अंबिल, बाजरीचे उंडे. भज्जीत किती पालेभाज्या आणि किती कडधान्यं असतात ते मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही. ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना हाका मारून बसवायचं. त्या दिवशी तालुक्याच्या गावात कुत्रंसुद्धा दिसत नाही, सगळं गाव रानात.

मी रानात गेलो शेकर घेऊन. पंगत बसली आणि मी बांधावर उभा राहून बाटली हलवत होतो. आईनं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा उठून आली. म्हणाली, ‘आरं पांडवाला निवद दावलाय, जेव की.’ मी तिला डाएट समजावून सांगितलं. डब्याची किंमतही सांगितली. ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, ‘उपाशी राहायला पैसं द्यायला लागत्यात व्हय आता?’

बहात्तरच्या दुष्काळात आईनं रोजगार हमीवर खडी फोडली आहे. तेव्हा ती विशीच्या आत होती. बाहेरून आलेला तांबडा मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन त्या पिढीनं दिवस काढले. भूक म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. मी मात्र तिला अडाणी समजून हसलो.

पुढं काय झालं ते तुमच्यातल्या निम्म्या लोकांना सांगायची गरज नाही. मार्चमध्ये पैशाची ओढाताण झाली, डबे बंद केले. भूक अशी खवळली की रात्री अकराला उठून फरसाणाचा डबा रिकामा करायचो. दिवाळीपर्यंत वजन ९१. म्हणजे होतो त्यापेक्षा दोन किलो जास्त. कोच म्हणाला, ‘तुमची विलपॉवर कमी पडली.’ मलाही तेच खरं वाटलं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे फक्त मनोबलाचं प्रकरण नाही. अमेरिकेत १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास झाला होता. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा खाऊ कसं घालायचं, हे समजून घ्यायचं होतं. ती मुलं दिवसरात्र जेवणाचाच विचार करायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली, चिडचिडी झाली. प्रयोग संपल्यावर काही जणांचं पोट भरलं तरी खाणं थांबेना. दुसरा अभ्यास २०१६ चा. टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं आणि शरीराचं स्वस्थ बसल्याजागचं इंधन जाळणं मात्र मंदावलेलंच होतं. उपासमार झाली की शरीर काटकसर करतं. आपला शेतकरी दुष्काळात करतो तशीच. त्याला विलपॉवर कमी म्हणणारा माणूस एकतर अजाण असतो, नाहीतर त्याला पुढचा डबा विकायचा असतो.

इथवरची गोष्ट माझी एकट्याची असती तर मी ही पोस्ट लिहिली नसती. माझे साडेसात हजार गेले, माझी फजिती झाली, विषय संपला असता.

पण क्लबनं दिलेला तक्ता मी फ्रीजवर चिकटवला होता. लाल रंगात भाकरी, भात, केळं, शेंगदाणे. हिरव्या रंगात त्यांचे डबे. वजनकाटा हॉलमध्ये ठेवला होता. रोज सकाळी मी त्यावर उभा राहायचो आणि आकडा मोठ्यानं वाचायचो. माझी लेक तेव्हा नववीत होती.

(पुढचं तिला विचारून लिहितोय. तिनं मसुदा वाचला, दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली आहेत.)

पुढच्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या कवायतीच्या सरावात ती मैदानावर चक्कर येऊन पडली. शाळेतून फोन आला तेव्हा मी पंचायत समितीच्या बैठकीत होतो. हिमोग्लोबिन ८.४. सात-आठ महिने ती डबा मैत्रिणीला देत होती. घरी सांगायची, ‘शाळेत खाल्लं’. शाळेत सांगायची, ‘घरून जेवून आलेय’. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळीसुद्धा ती फेकून देत होती, कारण ती घेतल्यावर भूक लागते असं कुणीतरी सांगितलं होतं. दवाखान्यात मी तिला विचारलं, ‘बाळा, असं का केलंस?’ ती म्हणाली, ‘पप्पा, तुम्हीच तर म्हणायचे ना, भाकरी शत्रू आहे.’

त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

डॉक्टरीणबाई हुशार होत्या. त्या म्हणाल्या, आईचंही रक्त तपासू. माझ्या बायकोचं हिमोग्लोबिन निघालं ९.१. तिनं आयुष्यात एक दिवस डाएट केलेलं नाही. रोज घरचंच, ताजं, स्वतःच्या हातचं. मग असं का? कारण आमच्याकडं ती शेवटी जेवायची. आधी मुलं, मग मी, मग आई, मग ती. भाजी संपलेली असायची. उरलेली भाकरी, चटणी, ताक आणि लगेच वर चहा. त्यात माझ्या शेकच्या काळात तिच्या मागं तीन स्वयंपाक होते. माझी काकडी-गाजरं वेगळी, आईचं मऊ वेगळं, मुलांचं वेगळं. शिवणकाम सांभाळून. मी वजन कमी करत होतो आणि राबत होती ती.

म्हणून मंडळी, ‘डाएट सोडा, घरचं खा’ एवढं म्हणून मला थांबायचं नाही. हल्ली तेही फॅशनमध्ये आलंय. आजीच्या हातची चव, चुलीवरची भाकरी, मातीचं भांडं. रील करायला छान. पण आजीच्या ताटात काय उरायचं, हे कुणी दाखवत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ सांगते की देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. त्याच पाहणीत २४ टक्के बायका जास्त वजनाच्या आणि जवळपास १९ टक्के बायका प्रमाणाबाहेर बारीक. लठ्ठपणा आणि कुपोषण एकाच गल्लीत, कधी एकाच घरात. अशा देशात सरसकट ‘कमी खा’ म्हणून सांगणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. मी तो पाव पानात छापला होता.

आपल्याकडं २०१८ च्या सुमाराला ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद पानटपरीपर्यंत गेला होता, आठवतो का? डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणत होते दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर म्हणत होत्या थोड्या थोड्या वेळानं खा, आपल्या भागातलं खा, तुपाला घाबरू नका. लग्नाच्या पंगतीत दोन गट पडायचे. त्या वादात निदान जेवण तरी होतं! आता वाद पावडरीच्या कुठल्या चवीचा डबा बरा यावर आलाय.

आणि हे सगळं चाललंय तेव्हा खरा बदल आपल्या किराणा दुकानात झालाय. दुकानाच्या तोंडाशी पूर्वी धान्याची पोती असायची, आता पाच-दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळा लोंबतात. अमेरिकेत २०१९ मध्ये एक नेटका प्रयोग झाला. २० माणसांना दोन आठवडे कारखान्यातलं पाकीटबंद खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या खाण्यात साखर, मीठ, चरबी, चोथा सारखाच. हवं तेवढं खायची मुभा. पाकीटबंद खाण्यावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत जवळपास एक किलो वजन वाढलं, साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. कुणी काही मोजत नव्हतं, कुणाची विलपॉवर तपासली नव्हती. फक्त ताट बदललं होतं.

आपली हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्थाही परकी नाही. तिनं मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी १७ सूचना दिल्या. प्रोटीनच्या पावडरी टाळा, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, साखर २० ते २५ ग्रॅम, पाकीटबंद खाणं कमी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना सांगितलं की दुधात घालायच्या गोड पावडरी ‘हेल्थ ड्रिंक’ या नावाखाली ठेवू नका. आपण वर्षानुवर्षं पोरांना तेच पाजून उंची मोजत होतो.

घरच्या जेवणाचंही उगाच देव्हाऱ्यात बसवू नका. पोषण संस्था म्हणते, दिवसाच्या ऊर्जेत धान्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या आत ठेवा. आपल्या ताटात काय असतं? भाकरी-चपातीचा ढीग, वर भात आणि डाळीचं पिवळं पाणी. पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे चहातच ४०-५० ग्रॅम झाली. शिवाय लोणचं, पापड, खारे दाणे. घरचं आहे म्हणून सगळं चांगलं असं नसतं.

आमच्या घरात काय बदललं ते सांगतो. उपदेश नाही, हिशोब आहे.

फ्रीजवरचा तक्ता फाडला. वजनकाटा भंगारवाल्याला दिला. घरात कुणी कुणाच्या अंगाबद्दल बोलायचं नाही. पाहुण्या आत्यांनाही तोंडावर सांगितलं, ‘जाड झालीस, वाळलीस’ आमच्याकडं चालणार नाही. एक आत्या रुसून गेली, परत आली.

घरात एकच स्वयंपाक. ज्वारीची भाकरी, घट्ट वरण किंवा उसळ, एक पालेभाजी, कांदा, लिंबू, शेंगाची नाहीतर जवसाची चटणी. मेथी, तांदुळजा, अंबाडी, चुका, हरभऱ्याचा पाला, जे मंगळवारच्या बाजारात स्वस्त असेल ते. वार पाळून अंडी, रविवारी मटण किंवा चिकन. चहा जेवणाला चिकटून नाही, कारण त्यानं लोह अंगी लागत नाही. लिंबानं लागतं. लेकीला आणि बायकोला लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तेवढे महिने नेमानं दिल्या. नुसत्या पालेभाजीवर ८.४ चं १२ होत नाही, हेही लक्षात ठेवा. ज्यांना शुगर-बीपीच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी माझी पोस्ट वाचून एकही गोळी बंद करू नये.

रात्रीची भाकरी मी करतो. हसू नका. पहिले पंधरा दिवस तव्यावर धाराशिव जिल्ह्याचा नकाशा उमटायचा. मग आईनं काठवटीजवळ बसून शिकवलं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग आधणाच्या पाण्यात मळायचं. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ घ्यायचं आणि तळव्यानं चांगलं रगडायचं. आता भाकरी फुगते, रोज नाही. धाकटा कांदा चिरतो, ताटं घेतो. आणि सगळे एकदम बसतो. बायकोचं ताट पहिलं वाढायचं, हा नियम लेकीनं केला. पहिले काही दिवस बायकोला घास उतरत नव्हता. ‘सगळे बघताय माझ्याकडं,’ म्हणायची. वीस वर्षांत तिला गरम भाकरी ताटात कुणी वाढली नव्हती.

दोन वर्षं झाली. माझं वजन आज ८५. भिंतीवर लावण्यासारखा ‘नंतर’चा फोटो नाही. पण साखर ६.२ वरून ५.८ वर आली, रोज पाऊण तास चालतो, रात्रीचा फरसाणाचा डबा आपोआप सुटला. लेकीचं हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे, बायकोचं ११.६. लेक जेवताना अजून कधीकधी थांबते, ताटाकडं बघते. आम्ही काही बोलत नाही. ती परत खायला लागते. काही जखमा भरायला वेळ लागतो आणि ही मी केलेली आहे.

आता गावाचं बोलतो, कारण हे एका घराचं काम नाही.

एक. शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि चरबीचं खाणं विकू नये, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२० मध्येच केलाय. माझ्या मुलाच्या शाळेच्या गेटपासून पहिली पाकिटांची माळ मी पावलांनी मोजली, अठरा पावलं. दुकानदार आपलेच आहेत, त्यांचं पोट त्यावर आहे. त्यांच्याशी बोलून तिथं उकडलेल्या शेंगा, चणे, केळी, चिक्की येऊ शकते. शाळा समितीतल्या पालकांनी मनावर घ्यावं. मी येतो सोबत.

दोन. ज्वारी. ज्या भागात मालदांडी पिकते, जिथून जवळच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, तिथं गरिबाच्या ताटातून ज्वारी निघून चाललीय. शिवारात सोयाबीन आलं, ज्वारी काढायला माणसं मिळेनात, भाव वाढले. रेशनवर गहू-तांदूळ फुकट आणि ज्वारी बाजारातून विकत. अन्नसुरक्षा कायद्यात २०१३ पासून भरडधान्याची सोय आहे. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून आपल्याच देशाच्या पुढाकारानं जगानं साजरं केलं, आम्हीही फोटो छापले. पुढच्या दक्षता समितीच्या बैठकीत ‘आमच्या तालुक्याला ज्वारी बारमाही कधी?’ हा प्रश्न मी लेखी देणार आहे.

तीन. माझ्या व्यवसायबंधूंना. पैसे किंवा डबे घेऊन आरोग्याची बातमी करू नका. जाहिरात असेल तर वर ‘जाहिरात’ लिहा. मी लिहिलं नव्हतं. माझी बातमी वाचून गावातले किमान सहा जण त्या क्लबात गेले, हे मला माहीत आहे. त्यातल्या दोघांनी कर्ज काढलं होतं. त्यांची नावं लिहीत नाही, पण त्यांची माफी मागतो.

चार. पुरुषांनो, ‘घरचं जेवण’ याचा अर्थ ‘बायकोनं केलेलं जेवण’ असा राहणार असेल तर ते टिकणार नाही आणि टिकूही नये. दिवसभर राबून आलेली बाई रात्री दोन मिनिटांचं पाकीट उघडते तेव्हा तिला आळशी म्हणू नका. विळी घ्या, कांदा चिरा.

यंदाच्या येळवसला आम्ही सगळे रानात होतो. माझ्या हातच्या भाकरी होत्या, दोन करपल्या होत्या. आईनं करपलेलीच निवडून घेतली आणि भज्जीत कुस्करली. शेकर आता गोठ्यात आहे, वासराला औषध पाजायला. तोंड अरुंद आहे, बरा उपयोग होतो.

शुद्धिपत्र संपलं.